कांद्यासाठी तीन उपवास

आमच्या दुकानाच्या ओट्यावर कांद्याची पोती उभी असत आणि आमच्या घरात कांद्याचं सालसुद्धा येत नसे. दुकान पुढे, घर मागे आणि मध्ये एक लाकडी उंबरा. उंबऱ्याच्या अलीकडे कांदा हा माल होता, पलीकडे पाप. विसरवाडीच्या चौफुलीवर दिवसभर सुरतेकडचे ट्रक थांबायचे, ढाबेवाले येऊन एकेक पोतं उचलून न्यायचे. बापूजी स्वतःच्या हाताने कांदे तराजूत टाकत आणि जेवायला आत येताना नळावर कोपरापर्यंत हात धूत. मी लहानपणी एकदा त्यांना विचारलं होतं, की विकायला चालतो तर घरात का चालत नाही? धंदा धंद्याच्या जागी आणि धर्म धर्माच्या जागी, असं उत्तर मिळालं. ते मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही, पण बापूजींचा त्यात काही खोटेपणा नव्हता. त्यांच्या आजोबांनी मारवाडातून येताना जमिनीखालचं काही न खाण्याचा जैनांचा नेम सोबत आणला होता, आणि इथल्या बाजारात कांदा-लसूण विकल्याशिवाय किराणा चालत नव्हता. दोन्ही त्यांनी सांभाळलं.

घरात मात्र बापूजींचं राज्य नव्हतं. ते होतं रतनभुआचं. भुआ म्हणजे बापूजींची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला आणि ती भावाकडे आली ती कायमची. उंच, सडसडीत, पांढरं ओढणं आणि आवाज असा की ओट्यावरचं गिऱ्हाईकसुद्धा गप्प व्हायचं. सकाळी उठल्यापासून तिचं काम चाले. दुहेरी कापडाने पाणी गाळायचं, चूल पुसूनच पेटवायची, पीठ चाळायचं, डाळ निवडायची, मुंगी दिसली की कागदावर घेऊन अंगणात सोडायची. तिच्या हाताखाली माझी माँ गुपचूप स्वयंपाक करी. आठमी-चौदसला हिरवी भाजी बंद, म्हणून त्या दिवशी गट्टे नाहीतर पापडाची भाजी, सोबत बाजरीची भाकरी आणि तूप. पापडाची भाजी मला इतकी आवडायची की मी कॅलेंडरवर चौदस शोधत बसे. तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या ढाब्यावरून कांदा परतल्याचा वास येई आणि भुआ उठून खिडकी लावी. मला तो वास वाईट वाटायचा नाही, चांगलाही वाटायचा नाही. तो आमचा नव्हता, इतकंच. भुआचं सगळ्या गावात एका गोष्टीसाठी नाव होतं, ती खोटं बोलत नाही. दुकानातल्या तांदळाला किडे लागले असतील तर ती आतून ओरडून गिऱ्हाइकाला सांगायची, आणि बापूजी कपाळाला हात लावायचे.

सातवीत मला विज्ञान शिकवायला गावित बाई होत्या. नवापूरच्या पुढच्या डोंगरातल्या, घरी मावची बोलणाऱ्या, शेतकऱ्याची मुलगी. शाळेत स्वच्छ मराठी बोलायच्या आणि रागावल्या तर आणखी स्वच्छ. त्यांनी आल्या आल्या एक गोष्ट केली. हेडमास्तरांच्या कपाटात कुलपात पडलेला सूक्ष्मदर्शक बाहेर काढला, त्याची धूळ पुसली आणि रोज एकेका मुलाला त्यात डोळा लावू दिला. माझी पाळी आली तेव्हा आत फक्त माझ्याच पापण्या दिसल्या. दुसऱ्यांदा माशीचा पंख दिसला. माशी आपोआप मेलेली होती का, हे मी आधी विचारून घेतलं. बाई हसल्या नाहीत. खिडकीत सापडली, म्हणाल्या.

पण त्याच बाईंनी पहिल्या चाचणीत मला वीसपैकी पाच गुण दिले. सजीव आणि निर्जीव वेगळे करा, असा प्रश्न होता. मी पाणी, माती, वारा आणि दिव्याची ज्योत हे सगळं सजीवांत लिहिलं. भुआने मला लहानपणापासून तेच शिकवलं होतं. हे सगळे जीव आहेत, एकाच इंद्रियाचे, स्पर्शाचे. मी नुसतं लिहिलं नाही, खाली कारणंही दिली, त्यात वेळ गेला आणि पुढचे प्रश्न राहिले. वर्गात मी एकटीच होते जिने माती जिवंत आहे असं लिहिलं, आणि बाकीची पोरं आठवडाभर माझ्या पुढ्यात जमिनीवर हळू पाय टाकून चालत. बाईंनी मला बोलावून सांगितलं, की सजीवाची लक्षणं पुस्तकात आहेत, पाणी त्यांतलं एकही दाखवत नाही. मी म्हटलं, तुम्हाला दिसत नसेल. बाई म्हणाल्या, मग दिसेपर्यंत पुस्तकाप्रमाणे लिही. आता मी स्वतः शहाद्यात रक्त-लघवी तपासायची छोटी प्रयोगशाळा चालवते आणि नव्या मुलींना हेच सांगते, जे दिसलं तेवढंच लिहायचं. तेव्हा मात्र मला त्यांचा भयंकर राग आला होता.

त्या पाच गुणांमुळे घरात बैठक भरली. आमच्या शाळेत वर्ग सातवीपर्यंतच होते, पुढचं हायस्कूल नवापूरला. आमच्या घरातली कुठलीच मुलगी तिथवर गेली नव्हती. माझ्या दोन्ही चुलतबहिणी सातवीनंतर घरी बसल्या, पापड लाटायला आणि भरतकाम करायला शिकल्या आणि सोळाव्या-सतराव्या वर्षी सासरी गेल्या. भुआचं म्हणणं, मुलीला वाचता-लिहिता आलं, बास झालं. बापूजी माझ्या बाबतीत हळवे होते, पण बहिणीपुढे त्यांचं काही चालायचं नाही. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. वार्षिक परीक्षेत सगळ्या विषयांत पास झाली तर आठवीला जाईल, एका विषयात जरी गेली तरी घरी. भुआने मान डोलावली, कारण विज्ञानात मी जाणारच याची तिला खात्री होती. मी तिच्या डोळ्यांत बघितलं आणि ठरवलं, आता जग इकडचं तिकडे झालं तरी पास होणार.

आणि मी अभ्यास केला. तो कसा केला ते सांगायला हवं, कारण आमच्या घरात अभ्यासाला जागा नव्हती. धान्याच्या कोठीत, मटकीच्या पोत्यावर बसून मी पेशीचे भाग पाठ करायची. पेशीभित्तिका, पेशीद्रव, केंद्रक. आमच्याकडे सखूबाई धान्य निवडायला येई, सूप हलवता हलवता तिलाही ते पाठ झालं. मी अडले की ती पुढचा शब्द सांगायची, आणि केंद्रकाला ती सरळ केंद्र म्हणायची. दारापलीकडे भुआ सामायिकाला, म्हणजे एका जागी बसून करायच्या ध्यानाला, बसलेली, तोंडावर मुहपत्तीचं फडकं, हातात माळ. मी मोठ्याने पाठ करू लागले की तिची माळ थांबायची. मी आवाज कमी करायची नाही. अठ्ठेचाळीस मिनिटं तिला उठता येत नसे आणि बोलताही येत नसे, म्हणून मी नेमकी तीच वेळ निवडत होते. हा माझा दुष्टपणा होता, हे मला तेव्हाही कळत होतं.

परीक्षेच्या आठवडाभर आधी बाईंनी प्रात्यक्षिक सांगितलं. कांद्याच्या पापुद्र्याची काचपट्टी तयार करायची, सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, पेशींचं चित्र काढून नावं द्यायची. तपासायला बाहेरगावचे सर येणार होते. प्रत्येकाने घरून एक कांदा आणायचा. सगळ्या वर्गाने माझ्याकडे वळून बघितलं. प्रात्यक्षिक न देणाऱ्याला पास करता येत नाही, हेही बाईंनी सांगितलं. शाळा सुटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. त्यांना आमच्या घरचं माहीत होतं, वर्षभर त्या आमच्याच दुकानातून किराणा नेत होत्या.

"तू हात लावू नकोस," त्या म्हणाल्या. "काप मी घेते, काचपट्टी मी बनवते. तू फक्त बघ आणि चित्र काढ. सरांना मी समजावते."

किती चांगली सोय होती. मी हो म्हटलं असतं तर हे प्रकरण लिहायला उरलंच नसतं. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. दुसऱ्या कोणी कापलेला कांदा मी बघायचा, म्हणजे बापूजींसारखंच झालं, पाप हाताला लागू द्यायचं नाही पण काम साधून घ्यायचं. मी म्हटलं, सगळ्यांनी स्वतः करायचं असेल तर मीही स्वतः करणार. मग बाईंनी दप्तरातून एक जुनं ब्लेड काढून कागदात गुंडाळून दिलं आणि म्हणाल्या, सराव करशील तर बोट सांभाळ.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओट्यावरच्या पोत्यातून एक कांदा उचलला आणि कोठीत गेले. घरात नेला नाही, कोठी उंबऱ्याच्या बाहेर होती, एवढा विवेक मी राखला होता. बाईंनी सांगितलं होतं तसं चार भाग केले, एक जाड पाकळी घेतली आणि आतल्या बाजूने मोडून तिचा पातळ पापुद्रा ओढला. तो फाटला. दुसरा घेतला, तोही फाटला. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. आयुष्यात कांदा कापायची सवय नसलेल्या माणसाला तो किती रडवतो, हे ज्यांच्या घरी रोज कांद्याची फोडणी पडते त्यांना कळणार नाही. सखूबाई सूप खाली ठेवून बघत होती.

"कांदा कापानी बी परीक्षा ऱ्हास का वं माय?" ती म्हणाली. "मंग आम्हना घरमां ते बाया रोज पास व्हतीस."

मी हसले, आणि त्याच हसण्याने घात झाला. सामायिक संपवून उठलेली भुआ आवाज ऐकून कोठीच्या दारात आली. तिने माझा हात धरला, नाकाजवळ नेला आणि सोडून दिला. एका कांद्यात जीवांचा अंत नाही, मोजायला गेलं तर जन्म पुरणार नाही, असं ती मानायची. तिचा चेहरा पांढरा पडला होता. माझ्यावर हात उगारला असता तर मला सोपं गेलं असतं.

"कांदे ने हाथ कोनी लगाऊं, इयां बोल," ती म्हणाली. "जद तांई कोनी बोले, म्हारो उपवास."

आमच्यात उपवास म्हणजे साबुदाणा आणि रताळं नव्हे. उकळून गार केलेलं पाणी, बस. भुआला असे उपवास अंगवळणी होते, पण या वेळी तिने तो माझ्या गळ्यात अडकवला होता. कांद्याला हात लावणार नाही अशी शपथ घे, नाहीतर मी उपाशी राहते. मोठी माणसं लहानांशी असं वागतात तेव्हा त्याला प्रेम म्हणतात. मला त्या क्षणी ते प्रेम नको होतं. मी डोळे पुसले, कांद्याच्या हातानेच पुसल्यामुळे आणखी चुरचुरले, आणि म्हटलं, "तो म्हारो भी उपवास."

पहिला दिवस रागावर निघाला. दुसऱ्या दिवशी पोटात कळा आल्या, डोकं भणभणलं, आणि माँ बाजरीची खिचडी तूप घालून माझ्यासमोर ठेवून निघून जायची, मी ती उचलून परत स्वयंपाकघरात ठेवून यायची. बापूजी दोघींच्या मध्ये फिरत होते आणि कोणालाच काही सांगू शकत नव्हते. भुआ रोज सकाळी हात जोडून मोठ्याने उपवासाचं पचखाण घेई. पचखाण म्हणजे व्रताचा संकल्प. मी ते घेत नव्हते. पचखाणाशिवाय उपाशी राहणं म्हणजे तप नव्हे, नुसती उपासमार, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. भुआला तर असणारच.

पण बाहेरच्यांना काय माहीत? विसरवाडीत आमची सहा-सात घरं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोणीतरी विचारलं, पोरगी शाळेत का आली नाही, आणि माँच्या तोंडून निघून गेलं की उपवास आहे. बारा वर्षांची पोर, भुआच्या जोडीला उपवास करते आहे. तिसऱ्या दिवशी दुपारपासून बायका येऊ लागल्या. तीन उपवासांचा तेला, या वयात! साता आहे का, म्हणजे बरं आहे ना, असं विचारत होत्या, माझ्या पायांना हात लावत होत्या. मी पलंगावर पडून त्यांच्याकडे बघत होते, आणि मला हसावं की रडावं कळत नव्हतं. नवापूरहून आमच्या जैन संघाचे मंत्री काका निरोप घेऊन आले, की उद्या सकाळी पारणं थाटात करायचं, भुआ-भाचीचा जोडीने सत्कार होणार. भुआ भिंतीला टेकून हे सगळं ऐकत होती. मी तिच्याकडे बघितलं. आता बोलेल, मला वाटलं. तांदळातले किडे सांगणारी माझी भुआ आता सांगेल, की हे तप नाही, ही पोर माझ्याशी भांडते आहे. ती माळ ओढत राहिली. त्या क्षणी मी तिच्यावर जितकी चिडले तितकी कांद्यावरून चिडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता प्रात्यक्षिक होतं आणि आठ वाजता पारणं. आमच्या पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली, तीस-चाळीस माणसं दाटीवाटीने बसली, बायकांनी तपाची गाणी म्हटली. मला नवा घागरा घातला होता, कपाळाला कुंकू आणि तांदूळ लावले होते, पुढ्यात नारळ आणि चांदीची वाटी ठेवली होती. उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येत होती. मंत्री काका माझ्याबद्दल बोलले, की आजकालची मुलं सिनेमात रमतात आणि ही बघा. मग त्यांनी भुआला सांगितलं, पहिला घोट तुमच्या हाताने पाजा. मुगाचं कोमट पाणी होतं. भुआने वाटी माझ्या ओठांना लावली. त्या पाण्याचा वास मला आजही आठवतो. त्याइतकं चांगलं जगात दुसरं काही नसेल असं वाटत होतं, आणि मी तोंड घट्ट मिटून घेतलं.

"ओ तप कोनी," मी म्हटलं. आवाज फुटत नव्हता म्हणून पुन्हा म्हटलं. "म्हैं पचखाण कोनी लिया. म्हने परीक्षा में कांदो काटणो है, भुआ ना केवे, इण वास्ते भूखी हूं."

गाणी थांबली. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मंत्री काकांनी बापूजींकडे बघितलं, बापूजींनी जमिनीकडे. एक बाई म्हणाली, पोरीला भोवळ आलीय, बडबडते आहे, पाजा लवकर. सगळ्यांना ते पटण्यासारखं होतं. भुआने मान डोलावली असती तर मला उचलून आत निजवलं असतं, दार लावलं असतं, आणि अकरा वाजून गेले असते. भुआने वाटी खाली ठेवली. तिचेही तीन उपवास झाले होते.

"छोरी साच बोले है," ती म्हणाली. "म्हने ठा हो. म्हैं चुप रई."

माहीत असून गप्प राहिल्याबद्दल मग तिने सगळ्यांसमोर हात जोडून खमावलं, म्हणजे क्षमा मागितली. माझी नव्हे, सगळ्यांची. ते करताना तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही. मी तिला भर मंडळीत उघडं पाडलं, हे मला आजही आठवतं. पुष्कळ नातेवाइकांनी नंतर वर्षानुवर्षं मला सुनावलं, की जिने तुला अंगाखांद्यावर वाढवलं तिची तू अब्रू काढलीस. त्यांना मी आजही सांगते, मी माफी मागणार नाही. मी खरं बोलायला तिच्याकडूनच शिकले होते, आणि ते फक्त तांदळापुरतं ठेवा असं तिने मला कधी सांगितलं नव्हतं. भुआने स्वतः मला त्याबद्दल एका शब्दानेही कधी टोचलं नाही.

वाटी पुन्हा माझ्या ओठांपाशी आली. "पी ले," ती हळू म्हणाली. "जा परीक्षा दे. घर में पग धरण सूं पेली न्हा लीजे." मी प्यायले, इतक्या घाईने की अर्धं घागऱ्यावर सांडलं. सत्काराला आणलेली चांदीची वाटी मंत्री काका परत घेऊन गेले.

प्रात्यक्षिकाला मी नव्या घागऱ्यातच गेले, कपाळावर तांदूळ तसेच. बाहेरगावचे सर चष्म्यावरून बघत राहिले. ओट्यावरून उचललेला कांदा मी टेबलावर ठेवला, ब्लेडने कापला, पाकळी आतल्या बाजूने मोडली. या वेळी पापुद्रा अखंड निघाला. काचपट्टीवर पाण्याचा थेंब, त्यावर पापुद्रा, आयोडीनचा थेंब, वरून पातळ काच, बुडबुडा न येऊ देता. डोळा लावला. विटांच्या भिंतीसारख्या एकाला एक चिकटलेल्या पेशी होत्या आणि प्रत्येकीत एक गडद ठिपका. मी किती वेळ बघत होते कुणास ठाऊक, सरांना मला हलवावं लागलं. गावित बाई दारात उभ्या होत्या. त्या खिडकीशी जाऊन पाठ फिरवून उभ्या राहिल्या. मी कांदा त्या दिवसानंतर हजारदा कापला आहे, पण खाल्ला कधीच नाही, आजतागायत. लोकांना या दोन गोष्टींचा मेळ लागत नाही. मला खायचा होता असं मी कधी म्हटलं होतं?

निकाल लागला त्या दिवशी मी गुणपत्रक घेऊन मागच्या दाराने आले. मी सगळ्या विषयांत पास होते, आणि विज्ञानात तर सगळ्या वर्गात माझा दुसरा नंबर होता. भुआ चौकात डाळ वाळवत होती. मी गुणपत्रक तिच्यापुढे धरलं. तिने पदराला हात पुसले, ते घेतलं, विज्ञानाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच राहू दिलं. बापूजी दुकानातून येऊन उंबऱ्यात उभे राहिले होते, आत यायची त्यांची हिंमत होत नव्हती. शब्द दिला होता तो सगळ्यांना आठवत होता, पण तो पाळायचा की नाही हे ज्याच्या-त्याच्या मनात अजून चाललं होतं. मी हलले नाही. नाही म्हणाली असती तर मी पुन्हा उपाशी बसले असते, या वेळी सगळ्या गावाला कारण सांगून.

भुआने गुणपत्रकाची घडी घालून माझ्या हातात दिली आणि पुन्हा डाळीकडे वळली.

"नवापूर सूं दिन आथमण रे पेली पाछी आवे, इसी मोटर कुणसी है," ती म्हणाली, "जा'र पूछ'र आ."

"साडेचारची," मी म्हटलं. दिवस मावळायच्या आत परत आणणारी मोटर मी आधीच विचारून ठेवली होती.